भाकरीचे माप

मधुमेहाचे पथ्य म्हणजे साखर सोडणे, ही समजूत आपल्याकडे घट्ट रुजलेली आहे. चहा बिनसाखरेचा झाला, चांदणी पडव्याची घारी ताटातून गेली, की कर्तव्य संपले असे मानून आपण निश्चिंत मनाने तीन भाकऱ्या आणि वर वाटी-दोन वाटी भात जेवतो. या रोगावरील उपचारांचा इतिहास मात्र निराळे सांगतो. प्राचीन वैद्यांपासून आजच्या डॉक्टरांपर्यंत विचार झाला तो केवळ गोडाचा नव्हे, तर धान्याचा. कोणते धान्य आणि किती, हा या रोगातला सर्वांत जुना प्रश्न आहे.

चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात प्रमेहाची कारणे सांगताना बैठेपणा, अतिनिद्रा, दही, दूध आणि गुळाचे पदार्थ यांच्याबरोबर नवे धान्यही मोजले आहे. आणि पथ्य म्हणून जवाला, म्हणजे आपल्या सातूला, अग्रमान दिला आहे. जोडीला मूग आणि कडू भाज्या. सुश्रुताने रोग्यांचे दोन प्रकार केले: जन्मतःच रोग असलेला कृश आणि अपथ्याने रोगी झालेला स्थूल. निर्धन रोग्याने अनवाणी शंभर योजने चालावे किंवा विहीर खणावी, असेही त्याने सांगितले आहे. जे गावाकडे विहिरी खणून मग सुरतेस आले, त्यांच्या वंशजांना हा उपचार वाचून थोडे हसू येईल.

या सातूचा संबंध आपल्या एका थोर पुरुषाशी आहे. डिसेंबर १९०७ मध्ये ताप्तीकाठी काँग्रेसचे अधिवेशन उधळले गेले, तेव्हा लोकमान्य टिळक याच शहरात होते. पुढच्याच वर्षी त्यांना राजद्रोहाची शिक्षा होऊन मंडालेस पाठविण्यात आले. मधुमेहाने ते तेथे त्रस्त होते, आणि भात-पोळी बाजूला सारून त्यांनी सातूच्या पिठावर भर दिला, असे त्यांच्या चरित्रांतून आढळते. ‘गीतारहस्य’ लिहिले गेले ते याच पथ्याच्या काळात. त्या वेळी दुसरे औषधच नव्हते. १ ऑगस्ट १९२० रोजी लोकमान्य गेले. इन्सुलिन हाती आले ते १९२१ साली.

पश्चिमेतही वाट हीच होती. १७९७ मध्ये जॉन रोलो या ब्रिटिश लष्करी शल्यवैद्याने मेरेडिथ नावाच्या कप्तानाला मुख्यतः मांसाहारावर ठेवून त्याच्या लघवीतील साखर कमी झाल्याचे प्रसिद्ध केले. १८७०–७१ मध्ये पॅरिसला वेढा पडला, अन्नाची टंचाई झाली, आणि बुशार्दा या फ्रेंच वैद्याला आपल्या रोग्यांची प्रकृती सुधारलेली दिसली. अमेरिकेत फ्रेडरिक ॲलन याने १९१५ च्या सुमारास हा विचार टोकाला नेला. धान्यच काय, एकूण अन्नच इतके तोडायचे की रोगी जेमतेम जगावा. एलिझाबेथ ह्यूज ही त्याची बालरोगी. ऑगस्ट १९२२ मध्ये तिला इन्सुलिन मिळाले, तेव्हा पंधरावे वर्ष पुरे होत आलेल्या त्या मुलीचे वजन जेमतेम वीस किलो होते. ती १९८१ पर्यंत जगली. ज्या मुलांच्या शरीरात इन्सुलिन बनतच नाही, त्यांना कोणतेही पथ्य तारू शकत नाही, हे तिच्या कथेवरून ध्यानी घ्यावे. आजही कोणी जडीबुटीच्या वा आहाराच्या भरवशावर अशा मुलाचे इंजेक्शन बंद करावयास सांगत असेल, तर त्यास दारातूनच परत पाठवावे.

इन्सुलिन आले, पुढे गोळ्या आल्या, आणि पथ्य सैलावले. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात स्निग्ध पदार्थांची धास्ती बसली, तेव्हा धान्याला उलट प्रतिष्ठाच मिळाली. पुन्हा काटा फिरला तो अलीकडे. कर्बोदके कमी केल्याने रक्तातील साखर सुधारते, याला आहाराच्या उपायांमध्ये सर्वाधिक पुरावा आहे, असे अमेरिकन डायबिटीस असोसिएशनने २०१९ च्या अहवालात नमूद केले. महाराष्ट्रात डॉ. श्रीकांत जिचकार यांच्या विचारांवरून डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी दिवसातून दोनच वेळा जेवण्याची मोहीम घरोघरी पोचविली. ती वाट थोडी वेगळी. तीत भर जेवणाच्या वेळांवर आहे, तर आपण बोलतो आहोत ताटातील वाट्याविषयी.

आता आपल्या ताटाकडे वळू. ताप्ती व्हॅली रेल्वेने जळगाव, धुळे, नंदुरबारची माणसे उधन्यास उतरली, १९७२ च्या दुष्काळानंतर तर लोंढाच लागला, आणि लिंबायतीत अहिराणी बोलणाऱ्या वस्त्या उभ्या राहिल्या. त्या पिढीने बारा-बारा तास यंत्रमागापुढे उभे राहून काम केले. कमाई थोडी, खाणारी तोंडे अनेक. पोट भरायचे ते भाकरीने, आणि भाजी नसली तर ठेच्याशी. ती भाकरी मागावर खर्ची पडे. नातवंडे दुकानाच्या गल्ल्यावर वा संगणकापुढे बसली; भाकऱ्यांची संख्या मात्र तीच राहिली, वर खमण-लोचोची भर पडली. अंगाने सडपातळ असणे ही सुद्धा हमी नव्हे. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी दाखवून दिले आहे की आपली अर्भके युरोपीय अर्भकांपेक्षा वजनाने कमी भरतात, परंतु चरबी त्या मानाने राखून असतात.

‘आम्ही तर ज्वारी-बाजरी खातो, आम्हांला कशाची भीती?’ हा प्रश्न येथे नेहमी ऐकू येतो. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेची २०१७ ची कोष्टके त्यावर बोलकी आहेत. शंभर ग्रॅममध्ये कर्बोदके पॉलिश तांदळात सुमारे ७८ ग्रॅम, ज्वारीत ६८, गव्हाच्या पिठात ६४, बाजरीत ६२, आणि चरकाच्या सातूतही ६१. ज्वारीने गव्हावर मात केलेली नाही, हे पाहून अनेकांचा विरस होईल. भाकरीत कोंडा शाबूत राहतो, ती सावकाश पचते, हा तिचा गुण खराच. परंतु तिसरी भाकरी ही तिसरी भाकरीच. हिवाळ्यात ताप्तीकाठी मिळणारा पोंक, म्हणजे आपला हुरडा, तोही कोवळी ज्वारीच. त्यावर शेव आणि साखरेचे दाणे घातले की हिशेब आणखी वाढतो.

उलट, उडदाच्या डाळीत कर्बोदके ५१ आणि प्रथिने २३ ग्रॅम आहेत. ज्वारीत उडीद मिसळून केलेली आपली कळण्याची भाकरी ही म्हणूनच नुसत्या ज्वारीहून सरस. सोबतीस भरीत असले तर एका भाकरीवर जेवण उरकते. खानदेशी स्वयंपाकघराला परक्या देशाचा आहार उसना घ्यावा लागत नाही. मेथी, गिलके, वांगी, शेंगदाणे, मुगाची उसळ, दही, अंडी, खाणाऱ्यांस मटणाचा रस्सा, हे सारे येथे आहेच. फक्त ताटातील मान बदलावा लागतो: भाजी-डाळ मोठ्या वाडग्यात, आणि भाकरी तोंडी लावण्यापुरती. वरणबट्टीच्या पंगतीत हे अवघड जाते, हे आम्ही जाणतो. बट्टीवर तूप ओतणाऱ्या हाताला नाही म्हणणे आपल्याकडे अपमान समजला जातो.

जे इन्सुलिन घेतात किंवा ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या घेतात, त्यांनी मात्र हा बदल डॉक्टरांस सांगूनच करावा. भाकऱ्या तीनांवरून एकीवर आल्या आणि औषध तेवढेच राहिले, तर साखर एकदम उतरते; दरदरून घाम सुटतो, हातपाय कापतात, आणि मागावर वा दुचाकीवर असताना भोवळ येणे जिवावर बेतू शकते. डॅपाग्लिफ्लोझिनच्या जातीच्या गोळ्या चालू असताना धान्य जवळजवळ बंद केले, तर रक्तात आम्ल साचण्याचा धोका असतो. मूत्रपिंड दुबळे झालेल्यांनी डाळी-मांस वाढविण्यापूर्वी विचारावे. औषध कमी होऊ शकते, पुष्कळांचे होतेही. पण ते किती आणि केव्हा कमी करावे, हे ठरते तपासणीच्या आकड्यांवरून. तेव्हा भाकरी कमी करण्याच्या आधी आणि नंतर, उपाशीपोटीची व जेवणानंतर दोन तासांची साखर मोजून वहीत मांडावी, आणि ती वही दवाखान्यात न्यावी.