प्रार्थनेच्या खोलीचे दार

एकोणिसाव्या शतकातील मुंबई इलाख्यात हिंदू आणि ख्रिस्ती विचारांची गाठ मुख्यतः वादाच्या आखाड्यात पडली. १८३१ साली मोरभट दांडेकर आणि जॉन विल्सन यांचा वाद झाला, त्यातून दोन्ही बाजूंची पुस्तके निघाली. १८५७ साली विष्णुबोवा ब्रह्मचारी यांनी मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर मिशनऱ्यांशी सामना मांडला. हे वाङ्मय आज वाचताना त्यातील तर्काची धार जाणवते, पण त्या तर्काने कोणाचे घर सुटले किंवा कोणाला नवे घर सापडले असे फारसे दिसत नाही. माणसे धर्म बदलतात तेव्हा त्यामागे बहुधा काहीतरी पाहिलेले असते. पंडिता रमाबाईंच्या चरित्रात हे पाहणे दोन वेळा निर्णायक ठरले. एकदा त्या पाहणाऱ्या होत्या, आणि दुसऱ्या वेळी त्यांच्याकडे पाहिले जात होते.

शास्त्रार्थात रमाबाईंना निरुत्तर करणे सोपे नव्हते. १८७८ साली कलकत्त्याच्या विद्वानांनी त्यांची परीक्षा घेऊन त्यांना 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या दिल्या, तेव्हा त्यांचे वय अवघे वीस वर्षांचे होते. आईवडील दुष्काळात गेलेले, पुढे भाऊ आणि पतीही गेला, कडेवर लहानगी मनोरमा. अशा स्थितीत 'स्त्रीधर्मनीति' लिहून त्यांनी प्रवासाचे पैसे उभे केले आणि १८८३ साली वैद्यकी शिकण्याच्या इच्छेने इंग्लंड गाठले. वाँटेज येथील अँग्लिकन भगिनीसंघाने त्यांना आश्रय दिला. श्रवणदोषामुळे वैद्यकीचा मार्ग बंद झाला. ख्रिस्ती मताचे अध्ययन मात्र चालू होते, आणि मूळचे काशीचे पंडित असलेल्या नेहेम्या गोरे यांच्या लेखनाचे ऋण रमाबाईंनी पुढे मानले आहे. तरीही १९०७ साली स्वतःची साक्ष लिहिताना त्यांनी भर दिला तो कोणत्याही ग्रंथावर नव्हे, तर लंडनच्या फुलम भागातील एका घरावर.

समाजाने 'पतित' म्हणून टाकून दिलेल्या स्त्रियांसाठी भगिनीसंघाने ते घर चालविले होते. तेथील स्त्रियांची वागणूक पालटलेली रमाबाईंनी पाहिली. त्यांना विशेष वाटले ते त्यांची सेवा करणाऱ्या भगिनींचे. अशा स्त्रियांसाठी काही करावयाचे असते हेच आपल्याला तेथे प्रथम कळले, अशी कबुली त्यांनी दिली आहे. ज्या शास्त्रांवर त्यांचे प्रभुत्व होते त्यांत अशा स्त्रीसाठी दंड होता, दया नव्हती, हेही त्यांना तेथेच उमगले. त्यांनी शिकविणाऱ्या भगिनीला सरळ विचारले की, या स्त्रियांची कणव ख्रिस्ती माणसाला कशामुळे येते? उत्तरादाखल योहानाच्या शुभवर्तमानातील चौथा अध्याय पुढे आला : विहिरीकाठची शोमरोनी स्त्री आणि तिच्याशी बोलणारा ख्रिस्त. येथे क्रम ध्यानात घेण्याजोगा आहे. आधी आचरण दिसले, मग प्रश्न सुचला, आणि ग्रंथ सर्वांत शेवटी उघडला. २९ सप्टेंबर १८८३ रोजी रमाबाईंनी आणि मनोरमेने वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतला.

एवढ्यावर थांबले तर ही एक सरळ कथा होईल. ती तशी नाही. रमाबाईंबरोबर गेलेल्या आनंदीबाई भगत त्याच भगिनींच्या सहवासात राहत होत्या, आणि त्यांनी वाँटेज येथेच आत्महत्या केली. धर्मांतर करावे लागेल या भीतीने त्यांचे मन ढळले होते, असे सांगितले जाते. परमुलखात, परक्याच्या अन्नावर राहणाऱ्या माणसाला सौजन्याचाही धाक वाटू शकतो. स्वतः रमाबाईंनाही त्या भगिनींचे सारेच रुचले नाही. लॅटिन अक्षरे कोरलेला क्रूस त्यांना नको होता, संस्कृत का नको असा त्यांचा प्रश्न होता. त्यांनी मांसाहार स्वीकारला नाही, आणि सिस्टर जेराल्डीन यांच्याशी त्रैक्यासारख्या सिद्धांतांवर त्या पत्रांतून सडेतोड भांडल्या. सेवेपुढे झुकलेली ही विदुषी अधिकारापुढे झुकावयास तयार नव्हती. पुढे १८९१च्या सुमारास त्यांना जाणवले की, आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला, ख्रिस्त सापडावयाचा राहिला होता. फुलमने त्यांना दारापर्यंत आणले होते. आतला प्रवास आणखी आठ वर्षांचा निघाला.

११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन उघडले आणि पुढल्या वर्षी ते पुण्यास आले. खर्च बोस्टनच्या संस्थेचा होता, सल्लागारांत न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर होते, आणि उच्चवर्णीय बालविधवांना शिकविताना धर्माच्या बाबतीत तटस्थ राहावयाचे असे ठरले होते. मुलींना सोवळेओवळे, व्रतवैकल्ये पाळण्याची मोकळीक होती. रमाबाई पांढरे लुगडे नेसत, शाकाहारी राहत, मुलींना पोटच्या लेकींसारखे वागवीत. केस उतरविलेल्या, घरादाराला ओझे झालेल्या या मुलींना कोणी जवळ घेऊन बसण्याचा तो पहिलाच अनुभव असावा.

तंटा निघाला तो एका दारावरून. रमाबाई आपल्या खोलीत मनोरमेसह प्रार्थना करीत तेव्हा दार उघडे असे. काही मुली येऊन बसू लागल्या. 'केसरी' तर आधीपासूनच सदनावर टीका करीत होता. आता सदनाचे हितचिंतकही अस्वस्थ झाले. दार लावून घ्यावे एवढीच अपेक्षा होती. रमाबाईंना ते मान्य नव्हते. इतरांना आपापली उपासना करण्याची मुभा असताना आपण मात्र आपली उपासना लपवून करावी, हे त्यांच्या बुद्धीला पटेना. ऑगस्ट १८९३ मध्ये रानडे-भांडारकर प्रभृतींनी संबंध तोडला आणि पालकांनी अनेक मुली काढून नेल्या.

या प्रसंगाचा निवाडा मराठी लेखकांनी पुष्कळदा एका फटक्यात केला आहे. कोणी रमाबाईंना कपटी ठरविले, कोणी रानड्यांना भित्रे. वस्तुतः दोन्ही बाजूंना दारातून तेच दिसत होते. बोलून कोणी धर्मांतर घडवीत नव्हते, म्हणून तटस्थतेचा करार अक्षरशः पाळला जात होता. पण ज्या बाईने मुलीला जगविले तीच बाई डोळे मिटून कोणाशी तरी बोलते आहे, हे रोज पाहणाऱ्या मुलीच्या मनात काय चालले असेल, हे रानड्यांसारख्या प्रार्थनासमाजी पुरुषाला न कळण्याजोगे नव्हते. त्यांची धास्ती निराधार नव्हती : १८९५ साली सदनातील काही मुलींनी बाप्तिस्मा घेतला. रमाबाईंकडे मात्र या पेचावर उपाय नव्हता. आपला स्वभाव आणि आपली श्रद्धा या दोन वेगळ्या वस्तू असून एक दाखवावी व दुसरी झाकावी, हे त्यांना करता येण्याजोगे नव्हते. फुलमच्या घराने त्यांच्यावर केले तेच त्यांच्या हातून नकळत घडत होते.

दुष्काळाने हा प्रश्न अधिक अवघड केला. १८९६-९७ मध्ये मध्य प्रांतातून आणि पुढे १९०० साली गुजरातेतून उपाशी स्त्रिया व मुली केडगावला आणल्या गेल्या आणि मुक्ति सदनाचा विस्तार झाला. तेथे अन्न, निवारा, अक्षरओळख, हातमाग, छापखाना आणि प्रार्थना एकाच अंगणात होती. ज्या मुलीला मरणाच्या दारातून आणले तिने रमाबाईंचा धर्म स्वीकारला, तर तिला शील दिसले की भाकरी, हे तिला तरी वेगळे काढता आले असते का? तटस्थतेचे बंधन येथे उरले नव्हते आणि रमाबाईंना आता ते नकोही होते. विरोधकांचा आक्षेप आहे त्या जागी आहे. पण त्या मुलींना आणावयास बैलगाड्या घेऊन दुसरे किती जण गेले, हा प्रश्नही त्याच्या शेजारीच आहे.

उघड्या दारातून पाहणाऱ्या साऱ्याच आत गेल्या नाहीत. सदनातील पहिल्या विधवा विद्यार्थिनी गोदूबाई जोशी. लग्नानंतर काही महिन्यांतच, आठव्या वर्षी वैधव्य आलेल्या गोदूबाईंना त्यांचे बंधू नरहरपंत यांनी रमाबाईंच्या स्वाधीन केले. त्या काही वर्षे त्यांच्या निकट राहिल्या, शिकल्या, आणि हिंदूच राहिल्या. ११ मार्च १८९३ रोजी, म्हणजे सदनाच्या स्थापनेच्याच तिथीस, धोंडो केशव कर्वे यांच्याशी त्यांचा पुनर्विवाह झाला. त्यानंतर पाच महिन्यांत सदनावरचे वादळ फुटले. १८९६ साली कर्व्यांनी अनाथ बालिकाश्रम काढला. हिंदू पालकाने विधवा मुलीला निर्धास्तपणे पाठवावे अशी ती जागा होती, आणि तिची गरज शारदा सदनाच्या अनुभवानेच लोकांच्या लक्षात आणून दिली होती. 'माझे पुराण' या आत्मकथनात बाया कर्वे यांनी, म्हणजे या गोदूबाईंनीच, आपले सदनातील दिवस सांगितले आहेत. कर्व्यांच्या आश्रमासाठी वर्गणी मागत त्या गावोगाव हिंडल्या, आणि अनोळखी दारांशी उभे राहताना त्यांना संकोच वाटला नाही.