दातात उतरलेला दुष्काळ

मक्याचं पीठ कधी आलं, हे सरकारी कागदांवरून कळतं. ते पोटात पडेपर्यंत एखाद्या पोरानं किती उपास काढले, हे मात्र कुणी लिहून ठेवलेलं नसतं. आयर्लंडमधल्या किलकेनी इथे ते दातांत सापडलं.

तिथल्या जुन्या वर्कहाऊसच्या, म्हणजे निराधार गरिबांसाठीच्या सरकारी आश्रयगृहाच्या आवारात २००५ साली सामूहिक दफनाचे खड्डे सापडले. पुढच्या वर्षी उत्खनन झालं. किमान ९७० माणसं निघाली, निम्म्याहून अधिक मुलं. सगळी १८४७ ते १८५१ या काळात पुरलेली.

१८४५मध्ये बटाट्यावर करपा पडला आणि बटाट्यावरच जगणाऱ्या गरिबांचं अन्न शेतातच सडलं. ब्रिटिश पंतप्रधान रॉबर्ट पील यांच्या सरकारनं अमेरिकेतून मका मागवला. हाडांच्या अभ्यासकाला धागा मिळतो तो इथे. मका आपल्या ज्वारी-बाजरीच्या गटातला. या गटात कार्बन-१३ या कार्बनच्या जड समस्थानिकाचं प्रमाण बटाटा, गहू, ओट यांच्यापेक्षा जास्त. त्यामुळे आयरिश माणसाच्या शरीरात मका शिरला की तो ओळखू येतो. नायट्रोजन-१५ हे नायट्रोजनचं जड समस्थानिक दुसरी गोष्ट सांगतं. अन्न तुटलं की शरीर स्वतःचेच स्नायू मोडून प्रथिनं वापरतं आणि शरीरातलं नायट्रोजन-१५चं प्रमाण चढतं.

बरगडीचं हाड सतत झिजतं आणि भरून निघतं, म्हणून त्यात कित्येक वर्षांची सरासरी मिळते. काही महिन्यांची उपासमार त्यात विरून जाते. दाताच्या आतलं डेन्टीन मात्र थराथरानं वाढतं आणि एकदा तयार झालं की बदलत नाही. ज्युलिया ब्यूमाँट आणि जॅनेट माँटगोमेरी यांनी किलकेनीच्या २० जणांची हाडं आणि दात तपासले. दाताच्या, वरून मुळाकडे, जेमतेम मिलिमीटरभर जाडीच्या चकत्या केल्या. २०१६मध्ये त्यांनी निष्कर्ष मांडले: उपासमारीच्या काळात नायट्रोजन-१५ चढलेला, आणि मका मिळू लागल्यावर कार्बन-१३ वर जाताना नायट्रोजन-१५ खाली उतरलेला. दोन रेषा एकमेकींना छेदतात, तिथे त्या जिवाला पहिल्यांदा मक्याची लापशी मिळाली असणार. मला हा पुरावा फार मोलाचा वाटतो, कारण त्यात मदत पोचल्याची खूण आहे आणि ती उशिरा पोचल्याचीही.

रोगाचं नाव मात्र समस्थानिकं सांगत नाहीत. ते हाडांवरच्या खुणांवरून वाचावं लागतं. जॉनी गेबर आणि आयलीन मर्फी यांना याच सांगाड्यांपैकी सुमारे निम्म्यांवर स्कर्व्हीच्या, म्हणजे क जीवनसत्त्वाच्या अभावानं होणाऱ्या रोगाच्या, खुणा आढळल्या. गरिबाला हे जीवनसत्त्व मिळत होतं ते बटाट्यातून. मक्याच्या पिठात ते नाही. पोट थोडं भरलं, तरी हिरड्या सुजत राहिल्या.

आणि एक मर्यादा. दुष्काळ उमटतो तो ज्यांच्या दातांची मुळं अजून वाढत होती अशा मुलांच्या आणि कोवळ्या तरुणांच्या दातांत. त्यांच्या आईबापांचे दात कधीच पुरे झाले होते. त्यांच्यासाठी पुन्हा वर्कहाऊसच्या वह्याच उघडाव्या लागतात.