स्ट्रॉबेरी: चिलीपासून महाबळेश्वरापर्यंत

गुलाबाच्या कुलात सफरचंद, नासपती, बदाम अशी मातब्बर मंडळी आहेत. परंतु ज्या फळाला महाबळेश्वराने आपल्या नावाशी कायमचे जोडून घेतले, ती स्ट्रॉबेरी त्या कुलातील अगदी ठेंगणी आणि अलीकडे जन्मलेली होय.

बोटाच्या पेराएवढी रानस्ट्रॉबेरी युरोपात पूर्वापार होती. आजची टपोरी जात मात्र अठराव्या शतकात फ्रान्समध्ये निपजली, आणि तिचे मायबाप दोन्ही अमेरिकेचे. फ्रेझिए या फ्रेंच लष्करी इंजिनिअरास चौदाव्या लुईच्या सरकाराने दक्षिण अमेरिकेतील स्पॅनिश तटबंद्यांची टेहळणी करण्यास धाडले होते. 1714 साली परतताना त्याने चिलीतील मोठ्या फळांची रोपे गलबतावर घेतली. सहा महिन्यांच्या त्या प्रवासात गोडे पाणी मोजून मिळत असता रोपांना शिंपायचे म्हणजे खलाशांच्या तहानेतूनच ते काढायचे. तरीही पाच रोपे जगली, आणि पाण्याची व्यवस्था ज्याच्या हाती होती त्यास त्याने दोन रोपे मोबदल्यादाखल दिली. एवढ्या सायासाने आणलेली ही रोपे फुलली, पण फळेनात, कारण ती सारी मादी होती. पुढे ब्रिटनी प्रांतात व्हर्जिनियाकडील स्ट्रॉबेरी त्यांच्या शेजारी लावली गेली आणि तिचा पराग लाभला, तेव्हा कुठे फळ धरले. 1766 साली द्युशेन या तरुण वनस्पतिशास्त्रज्ञाने या जन्माचे रहस्य उलगडून लिहिले.

महाबळेश्वरी हे रोप आले ते इंग्रजांच्या हौसेखातर. लॉडविक हा इंग्रज लष्करी अधिकारी 1824 साली महाबळेश्वराचा डोंगर चढला. 1829 साली गव्हर्नर माल्कम याने साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांशी करार करून वाई प्रांतातील खंडाळा गावाच्या मोबदल्यात ही जागा कंपनी सरकारकडे घेतली आणि माल्कमपेठ वसवली. पेठेतील साहेबलोकांना विलायती भाजीपाला हवा होता. तो पिकवला सरकारी तुरुंगातील चिनी व मलायी बंदिवानांनी. समुद्रापलीकडून शिक्षेवर आणलेल्या या माणसांनी तांबड्या, निचऱ्याच्या जमिनीत वाफे घातले, बटाट्याचे पीक बसवले आणि आसपासच्या कुणब्यांना विलायती बागाइतीचा धडा घालून दिला. 1864 साली तो तुरुंग मोडला. लॉडविक आणि माल्कम यांची नावे तेथील एका कड्याला व पेठेला मिळाली, परंतु ज्यांच्या हातांनी इथली बागाइती उभी राहिली त्यांच्या नावाचा एक दगडही तेथे नसावा, हा मला सरळ अन्याय वाटतो.

याच बागाइतीत रुजलेल्या स्ट्रॉबेरीची पुढची कथा गावकऱ्यांच्या कष्टांची आहे. स्ट्रॉबेरीचे रोप जमिनीलगत दोऱ्यासारखे धुमारे सोडते, धुमाऱ्याच्या पेराला मुळ्या फुटतात आणि तेथे नवे रोप धरते. वर्षाला 5000 मिलिमीटरांहून अधिक कोसळणाऱ्या पावसात ही नाजूक रोपे कुजू नयेत म्हणून ती जपावी लागतात; पाऊस ओसरला की उंच गादीवाफ्यांवर लावणी होते आणि थंडीत तोडा सुरू होतो. फळ दाबून खुडायचे नसते, देठासकट नखाने तोडायचे असते; बोटाचा ठसा उमटला की त्या जागी सायंकाळपर्यंत डाग पडतो. भिलारसारख्या गावांत घरेच्या घरे या पिकावर उभी राहिली, आणि 2010 साली महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला भौगोलिक मानांकन मिळाले.