बढतीची वाट आणि बंद दार
भारतातील आय-लीग फुटबॉलची द्वितीय श्रेणी स्पर्धा २००८मध्ये सुरू झाली आणि प्रादेशिक क्लबांना मैदानावर जिंकून वर चढण्याची वाट मिळाली. ऐझॉल एफसी २०१५मध्ये याच वाटेने वर आला आणि २०१६-१७मध्ये चक्क आय-लीग विजेता ठरला. छोट्या क्लबांना वरचा खर्च झेपत नाही, हा आक्षेप खोटा नाही, पण अपुरा आहे. गोव्याच्या धेंपोमागे तर उद्योगसमूह होता. तरीही २०१६मध्ये द्वितीय श्रेणी जिंकून त्याने आय-लीगमधून अंग काढून घेतले. गोव्याच्याच साळगावकर आणि स्पोर्टिंगनेही माघार घेतली. कारण इंडियन सुपर लीगला (आयएसएल) अव्वल दर्जा देण्याचा प्रस्ताव पुढे आला होता आणि तिथे बढतीने प्रवेश नव्हता. (मधल्या हंगामात खाली घसरलेल्या ऐझॉलला पुन्हा जागा मिळाली ती याच माघारीमुळे!) आय-लीग जिंकून आयएसएलमध्ये पोहोचणारा पहिला क्लब, पंजाब एफसी, दिसायला २०२३ उजाडावे लागले.