तेहेतीस फुटांची साखळी आणि आकाशातले घड्याळ

गुंठा म्हणजे काय, हे आमच्या नगर जिल्ह्यात, म्हणजे आजच्या अहिल्यानगरात, कोणाला शिकवावे लागत नाही. चाळीस गुंठ्यांचा एकर, हे पोर शाळेत येण्याआधीच बांधावर शिकून येते. परंतु गुंठा एवढाच का, असे विचारले तर भले भले बागाईतदारही डोके खाजवू लागतात. उत्तर अगदी सोपे आहे. इंग्रजी अमदानीत मोजणीदाराच्या हाती ३३ फुटांची साखळी असे. ती लांबीला एकदा आणि रुंदीला एकदा टाकली की जो चौकोन झाला तो गुंठा. त्याचा सोळावा हिस्सा तो आणा. सातबाऱ्यावर आता हेक्टर आणि आर आले आहेत. भावाभावांचे भांडण मात्र अजून गुंठ्यांतच चालते.

साखळीच्या आधी काठी होती. शिवकाळी ती पाच हात व पाच मुठींची असे. वीस काठ्या औरसचौरस जमीन म्हणजे बिघा, आणि १२० बिघ्यांचा चावर. त्याही पूर्वी आमच्या निजामशाहीत मलिक अंबराने जमिनीची प्रत पाहून सारा बांधून दिला. १६२६ साली तो वारला, पण त्याच्या धाऱ्याचे नाव पुढे पिढ्यानपिढ्या निघत राहिले. १८१८ साली पेशवाई बुडाली. त्यानंतर प्रिंगल नावाच्या साहेबाने दख्खनची मोजणी केली, ती फसली. मग १८३५ मध्ये गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी शेजारच्या इंदापूर तालुक्यात नव्याने काम हाती घेतले, आणि १८४७ साली त्या पद्धतीचे नियम पक्के झाले. शेताला सर्व्हे नंबर मिळाला आणि हद्दीला दगड मिळाला. तीच पद्धत पुढे आमच्याकडेही आली.

आता मोजणीदार येतो तो साखळी घेऊन नव्हे. त्याच्या हाती एक उभी काठी असते आणि काठीच्या माथ्यावर पांढरी टोपी. तिला रोव्हर म्हणतात. गावात समजूत अशी की, उपग्रह वरून आपले शेत पाहतो आणि कोणाचे किती ते सांगतो. वाचकहो, तसे काही नाही. तो उपग्रह आपल्याकडे पाहत नाही. आपण आहोत हेही त्याला ठाऊक नसते. तो फक्त वेळ सांगतो.

दिवाळीत दूरवर फटाका उडतो तेव्हा उजेड आधी दिसतो आणि आवाज मागाहून येतो. मध्ये तीन सेकंद गेले, तर फटाका सुमारे एक किलोमीटरवर उडाला असे समजावे. इथेही हिशेब तोच आहे. उपग्रह अखंड सांगत असतो, “माझ्या घड्याळात इतके वाजले, आणि मी अमुक जागी आहे.” ही वार्ता रेडिओलहरींवरून सेकंदाला तीन लाख किलोमीटर वेगाने येते. वाटेत किती वेळ गेला ते खालचे यंत्र मोजते आणि त्यावरून अंतर काढते. एका उपग्रहाचे अंतर कळले तर आपण एका मोठ्या गोलाच्या पृष्ठावर कुठेतरी आहोत एवढेच समजते. तीन गोल जिथे एकमेकांना छेदतात, तिथे आपली जागा निघते. मग चौथा उपग्रह कशाला? तर आपल्या हातातल्या यंत्राचे घड्याळ स्वस्त असते, त्याची चूक पकडायला.

आणि चूक केवढी महाग पडते पाहा. एका सेकंदाचे तीन कोटी भाग केले, तर त्यातल्या एका भागात त्या लहरी दहा मीटर, म्हणजे जवळजवळ बरोबर एक साखळी चालतात! म्हणून उपग्रहांवर अणुघड्याळे बसवावी लागतात. त्यातही वर गेलेले घड्याळ जमिनीवरच्यापेक्षा रोज सुमारे ३८ मायक्रोसेकंद पुढे धावते. हे आइन्स्टाइनच्या सिद्धांतावरून आधीच कळले होते. ती दुरुस्ती केली नाही, तर रोज अकरा किलोमीटरांचा घोळ साचेल.

या विद्येचा उगमही गमतीचा आहे. १९५७ साली रशियाचा स्पुटनिक वर गेला तेव्हा अमेरिकेतल्या काही तरुण शास्त्रज्ञांनी त्याचा ‘बीप बीप’ ऐकला. जवळून जाणाऱ्या गाडीच्या शिट्टीसारखा तो चढे-उतरे. त्यावरून त्यांनी उपग्रहाचा मार्ग काढला. मग उलटा विचार झाला : मार्ग ठाऊक असेल, तर ऐकणाऱ्याची जागाही काढता येईल. जीपीएसचा पहिला उपग्रह १९७८ साली गेला आणि १९९५ पर्यंत २४ उपग्रहांची व्यवस्था पुरी झाली. आपल्या देशाने १ जुलै २०१३ पासून स्वतःचे उपग्रह सोडले. त्या व्यवस्थेचे नाव नाविक. परंतु पहिल्याच उपग्रहावरची तिन्ही परदेशी अणुघड्याळे बंद पडली. उपग्रह आकाशात होता, पण वेळ सांगता येईना. म्हणजे मोजणीच्या कामातून तो गेलाच. २९ मे २०२३ रोजी गेलेल्या उपग्रहावर मात्र भारतात बनवलेले घड्याळ बसवले होते.

एवढे करूनही वातावरणामुळे काही मीटरांची चूक राहते. बांधाच्या वादात काही मीटर म्हणजे फौजदारीच! म्हणून सर्व्हे ऑफ इंडियाने ठिकठिकाणी कायमची यंत्रे रोवली आहेत. त्यांची जागा पक्की ठाऊक असल्याने आकाशातून येणारी चूक त्यांना कळते, आणि ती ते मोबाइलच्या जाळ्यावरून रोव्हरला कळवतात. मग उत्तर काही सेंटीमीटरांत येते.

आमच्या गावात दोन चुलतभावांचा बांधावरून वाद होता. कोर्टात गेलेल्या पैशात तेवढीच जमीन दोनदा विकत आली असती. गेल्या उन्हाळ्यात रोव्हर आला. यंत्राने जागा सांगितली, पण नकाशा साखळीच्या काळातला. तो जमिनीवर बसवायला जुने दगड हवेत. एक दगड विहिरीवर सापडला. त्यावर धुणे धुऊन धुऊन तो गुळगुळीत झाला होता. जागा सोडलेला दगड साक्षीच्या कामाचा नाही. शेवटी दोघांची म्हातारी चुलती काठी टेकत आली. “साहेब, त्या बाभळीखाली दोन हात खणा. माझ्या सासऱ्याने दाखवला होता,” ती म्हणाली. दगड निघाला. मग शिवेवरचे आणखी दोन मिळाले आणि रेषा पडली. ती ना थोरल्याच्या म्हणण्याप्रमाणे होती, ना धाकट्याच्या. दावा अजून मिटलेला नाही, पण नव्या खुणेचा दगड रोवताना दोघांनीही हात लावला.

मुठीपासून सेंटीमीटरपर्यंत माणसाने केवढी मजल मारली! परंतु यंत्र सांगते ते ‘कुठे’. ‘कोणाचे’ हे सांगायला पुरलेला दगड लागतो, आणि तो दाखवणारे माणूस लागते. दिवाळीला गावी गेलात, तर फराळ झाल्यावर मुलांना घेऊन शेतावर एक चक्कर मारा. घरातल्या वडीलधाऱ्यांना बरोबर न्या, आणि आपल्या हद्दीचे दगड कुठे आहेत ते पोरांना त्यांच्याच तोंडून ऐकू द्या.