‘सद्गती’मधला दुखी आणि आपल्या धानाच्या बांध्या

शेतावरच्या कुटुंबाची गोष्ट म्हटली की पडद्यावर एक ठरलेले चित्र उभे राहते. बैलजोडी, घाम गाळणारा बाप, सोशीक आई आणि दारात उभा सावकार. बाबुराव पेंटर यांच्या १९२५ च्या ‘सावकारी पाश’पासून १९५३ चा ‘दो बिघा जमीन’ आणि १९५७ चा ‘मदर इंडिया’ इथपर्यंत हे चित्र फारसे बदलले नाही. या चित्रपटांची ताकद आम्ही नाकारत नाही. पण त्यांचे दुःख एकाच जातीचे आहे. असलेली जमीन हातून जाण्याचे दुःख! ज्याच्याकडे जाण्यासारखी जमीनच नव्हती, त्याच्या घरात कॅमेरा किती वेळा गेला?

टेलिव्हिजनवर तो एकदा गेला, आणि चांगला गेला. १९८१ मध्ये सत्यजित राय यांनी दूरदर्शनसाठी ‘सद्गती’ हा तासाभराच्या आतला हिंदी चित्रपट केला. कथा प्रेमचंदांची, १९३० च्या सुमाराची. चित्रीकरण झाले आपल्या शेजारच्या छत्तीसगडमध्ये. दुखीच्या भूमिकेत ओम पुरी, त्याची बायको झुरिया स्मिता पाटील आणि पंडित घासीराम मोहन आगाशे. म्हणजे तीन मुख्य कलावंतांपैकी दोघे मराठी. तरीही आपल्या तरुणांपैकी फार थोड्यांनी तो पाहिला आहे.

गोष्ट साधी आहे. चर्मकार वस्तीतल्या दुखीला मुलीच्या सोयरिकीचा मुहूर्त काढायचा आहे. नुकताच तापातून उठलेला हा माणूस गवताचा भारा घेऊन पंडिताच्या दारी जातो. पंडित मुहूर्त सांगत नाही, काम सांगतो. अंगण झाड, भुसा वाहून ठेव, लाकूड फोड. उपाशी दुखी त्या गाठाळ ओंडक्यावर कुऱ्हाड घालत राहतो आणि तिथेच मरतो. वस्तीतले लोक प्रेत उचलायला येत नाहीत. शेवटी पंडित दुखीच्या पायात दोरीचा फास अडकवून ते फरफटत नेतो आणि मेलेली गुरे टाकतात तिथे टाकून येतो. नंतर गंगाजल शिंपडून जागा शुद्ध करतो.

आता हीच गोष्ट शेतीच्या बाजूने पाहा. पंडिताच्या घरी भुसा आहे, म्हणजे धान्य आहे. ते धान्य कोणी पेरले, कोणी कापले, कोणी मळले? चित्रपट ते सांगत नाही, पण भुशाच्या प्रत्येक खेपेत ते दिसते. दुखीला आहे बायको, मुलगी आणि एक झोपडी. त्याला सावकाराने लुबाडायची गरज नाही, कारण त्याच्याजवळ घेण्यासारखे फक्त अंग आहे. पंडित तेच घेतो, तेही फुकट. समाजशास्त्रात वेठबिगारीवर जाड पुस्तके आहेत. या चित्रपटात ती एका दुपारीत समजते.

चंद्रपूर-गडचिरोलीच्या वाचकांनी आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. या गोष्टीत दुखीची विचारपूस करणारा एकच माणूस आहे आणि तो गोंड आहे. काही खायला मिळाले का, एवढे तोच विचारतो. दुखी मेल्यावर वस्तीत जाऊन सावध करणाराही तोच: प्रेताला हात लावू नका, पोलीस येतील. आदिवासी आणि दलित यांनी एकमेकांसाठी उभे राहणे ही कोणा पुढाऱ्याची निवडणुकीपुरती कल्पना नाही. ती प्रेमचंदांनाही दिसली होती.

मात्र आमचा आक्षेप इथूनच सुरू होतो. दुखीचा जीव दोन गोष्टींनी घेतला. एक वेठ, दुसरा मुहूर्त. या दोन्ही गोष्टींना नकार देणारा इतिहास आपल्या समाजाने कथा येण्याच्या आधीपासून आणि चित्रपट येण्याच्या कितीतरी आधी घडवला होता. मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मृत मांस सोडा, हीन समजली जाणारी कामे सोडा, असे सांगितले. गावोगावच्या महारांनी मेलेली ढोरे ओढणे थांबवले आणि त्यासाठी बहिष्कार आणि मार सोसला. ‘सद्गती’च्या शेवटी वस्ती प्रेत उचलत नाही आणि ओढायचे काम पंडितालाच करावे लागते. चित्रपटात हा नकार पोलिसांच्या भीतीतून येतो. प्रत्यक्षात आपल्या माणसांनी तो स्वाभिमानातून दिला होता.

मुहूर्ताचे उत्तर तर आपल्या जिल्ह्यातच दिले गेले. नागपूरनंतर दोनच दिवसांनी, १६ ऑक्टोबर १९५६ रोजी, बॅरिस्टर राजाभाऊ खोब्रागडे यांच्या पुढाकाराने चंद्रपूरला धम्मदीक्षेचा सोहळा झाला. बावीस प्रतिज्ञांपैकी आठवी प्रतिज्ञा ब्राह्मणाच्या हातून कोणताही विधी करून न घेण्याची आहे. आपण ती पाठ म्हणतो. तिचा अर्थ पाहायचा असेल तर दुखीकडे पाहा. ती प्रतिज्ञा घेतलेला बाप मुलीच्या सोयरिकीसाठी कोणाच्या अंगणात लाकूड फोडायला जात नाही. आज बौद्ध घरांतल्याही काही लग्नांची तारीख पंचांग पाहून ठरते, ती ठरवणाऱ्यांनी हा चित्रपट मुद्दाम पाहावा.

राहिला प्रश्न जमिनीचा. इथे तर आपला इतिहास कोणत्याही चित्रपटापेक्षा मोठा आहे. १९१८ मध्येच बाबासाहेबांनी भारतातील लहान शेतजमिनींच्या प्रश्नावर निबंध लिहिला. १९३७ मध्ये त्यांनी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करणारे विधेयक मांडले आणि जानेवारी १९३८ मध्ये कोकणातल्या हजारो शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत नेला. त्यात फक्त अस्पृश्य नव्हते, कुणबीही होते. १९४७ च्या ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’मध्ये तर त्यांनी शेतजमीन राज्याच्या मालकीची करून गावकऱ्यांना जातिभेद न करता कसायला देण्याची योजना मांडली, म्हणजे जमीनदारही उरणार नाही आणि भूमिहीन मजूरही. त्यांच्यानंतर दादासाहेब गायकवाडांनी ६ डिसेंबर १९६४ पासून भूमिहीनांचा देशव्यापी सत्याग्रह उभा केला. पडीक जमीन द्या म्हणून लाखांवर माणसे तुरुंगात गेली. त्यात बायका होत्या, कडेवरची लेकरे होती. सबंध कुटुंबे होती!

या कुटुंबांवर दूरदर्शनने चित्रपट का केला नाही? मुंबई दूरदर्शनच्या शेतीच्या कार्यक्रमाचे नाव होते ‘आमची माती, आमची माणसं’. पण सातबाऱ्यावर ज्याचे नाव त्याची माती, आणि ज्याची माती तोच माणूस, असा हिशेब असेल तर या ‘आमची’त आपण कुठे बसतो?

आमच्या मूल, सावली, सिंदेवाही, नागभीड या धानपट्ट्यात हाच हिशेब तलावांच्या नावातही आहे. मालगुजारी १९५१ मध्ये गेली, पण तलाव आजही माजी मालगुजारी तलावच. ज्यांच्या डोक्यावर मातीची टोपली होती त्यांचे नाव एकाही पाळीवर नाही.

आणि याच पट्ट्यात, नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावात, दादाजी खोब्रागडे होऊन गेले. दलित शेतकरी, शिक्षण जेमतेम, जमीन दीड एकर. १९८३ च्या सुमारास त्यांना बांधीत वेगळ्या रंगाच्या काही लोंब्या दिसल्या. त्यांनी त्या बाजूला ठेवल्या, पुढच्या हंगामात वेगळ्या लावल्या, पुन्हा निवडल्या, पुन्हा लावल्या. यातून जो बारीक, चवदार तांदूळ निघाला त्याला तेव्हाच्या लोकप्रिय घड्याळावरून ‘एचएमटी’ नाव पडले. पुढे कृषी विद्यापीठाने ‘पीकेव्ही एचएमटी’ हे वाण आणले. नावात विद्यापीठ आहे, घड्याळ आहे. दादाजी नाहीत. ३ जून २०१८ रोजी ते गेले. दुखी ज्या काळात पडद्यावर कुऱ्हाड घालत मरत होता, जवळपास त्याच काळात आपला एक माणूस गुडघाभर चिखलात उभा राहून देशाच्या ताटातला भात बदलत होता.

राय यांनी आपले मरण प्रामाणिकपणे दाखवले, त्याबद्दल त्यांचा आदर आहे. पण पडद्यावर यायला आपल्या माणसाला मरावेच लागते का? आपले पऱ्हे, आपली रोवणी, आपली भांडणे, विहारातली संध्याकाळ, मुलीच्या शिक्षणासाठी विकलेले धान, हे कौटुंबिक नाटक नव्हे काय?

ते कोणी मुंबईहून येऊन लिहील याची वाट पाहू नका. दिवाळी सरली की आपल्या गावागावांत झाडीपट्टीची नाटके उभी राहतात. वडसा त्यांचे माहेर. हजारो माणसे रात्रभर बसून शेतकरी कुटुंबांच्या गोष्टी पाहतात आणि रडतात. तिथे पाटलाच्या वाड्याऐवजी दीड एकरवाल्याचे घर उभे करा. १९६४ च्या सत्याग्रहात गेलेले म्हातारे-म्हाताऱ्या अजून काही गावांत आहेत. त्यांच्याजवळ बसा, त्यांचे बोलणे मोबाइलवर टिपून ठेवा. यंदाची रोवणी आटोपली की हे काम सुरू करू या. ती माणसे गेल्यावर आपल्या जमिनीच्या लढ्याची गोष्ट आपल्यासाठी दुसरेच कोणी लिहील, आणि तिच्यात आपण पुन्हा लाकूडच फोडत असू.

जय भीम!