जुनी पद्मिनी, अ‍ॅम्बेसेडर रोज चालवताय? मग तिच्या विम्याचं गणित समजून घ्या

अलिबाग, रेवदंडा, मुरूड, श्रीवर्धन. रायगडच्या किनाऱ्यावर फिरताना एखाद्या वाडीच्या अंगणात प्रीमियर पद्मिनी, अ‍ॅम्बेसेडर, जुनी जीप किंवा जपून ठेवलेली मारुती ८०० हमखास दिसते. यातल्या बऱ्याच गाड्या नुसत्या शोभेच्या नसतात. बाजारात, जेट्टीवर, गणपतीला गावी जायला त्या रोजच्या वापरात असतात.

पण विम्याचं नूतनीकरण करायला गेलं की अडचण सुरू होते. ऑनलाइन फॉर्ममध्ये मॉडेलच सापडत नाही. सापडलं तर गाडीची किंमत अगदीच किरकोळ दाखवली जाते. मग "जाऊ दे, थर्ड पार्टी काढून टाकू" म्हणत विषय संपतो.

अशा गाडीला योग्य विमा मिळतो का? 'व्हिंटेज' नोंदणी केली तर फायदा होतो का? आणि वादळात नारळाचं झाड गाडीवर पडलं तर पैसे कोण देणार? सविस्तर जाणून घेऊया.

सगळ्यात आधी: कायदा काय सांगतो?

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १४६ नुसार सार्वजनिक ठिकाणी चालणाऱ्या प्रत्येक गाडीला थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे. गाडी दोन वर्षांची असो की साठ वर्षांची, सूट नाही. विमा नसताना पकडलं गेलं तर पहिल्यांदा २,००० रुपये आणि पुन्हा पकडलं गेलं तर ४,००० रुपये दंड होऊ शकतो. तीन महिन्यांपर्यंतच्या कैदेचीही तरतूद आहे.

खरा धोका मात्र दंडाचा नाही. तुमच्या गाडीमुळे कुणाचा जीव गेला किंवा कुणी जायबंदी झालं, तर मोटार अपघात न्यायाधिकरण ठरवेल ती भरपाई द्यावी लागते आणि तिला ठरावीक कमाल मर्यादा नाही. विमा नसेल तर ही रक्कम मालकाच्या खिशातून जाते.

थर्ड पार्टीचे दर सरकार ठरवतं. जून २०२२ पासून लागू झालेले खासगी मोटारींचे वार्षिक दर असे आहेत:

- १,००० सीसीपर्यंत (उदा. मारुती ८००): २,०९४ रुपये
- १,००० ते १,५०० सीसी (उदा. पद्मिनी, १,४८९ सीसीची जुनी अ‍ॅम्बेसेडर): ३,४१६ रुपये
- १,५०० सीसीच्या वर (उदा. १.८ लिटर इसुझू इंजिनची अ‍ॅम्बेसेडर): ७,८९७ रुपये

यावर १८ टक्के जीएसटी लागतो. म्हणजे पद्मिनीसाठी साधारण ४,०३१ रुपये. पैसे भरण्यापूर्वी चालू दर एकदा तपासून घ्या. गाडी जुनी म्हणून थर्ड पार्टीचा हप्ता वाढत नाही, तो इंजिनाच्या क्षमतेवर ठरतो.

'व्हिंटेज' नोंदणी करावी का?

अनेकांचा घोटाळा इथेच होतो.

१५ जुलै २०२१ रोजी केंद्र सरकारने व्हिंटेज वाहनांसाठी वेगळे नियम अधिसूचित केले. पहिल्या नोंदणीला ५० वर्षांहून अधिक काळ झालेली आणि चासी, बॉडी, इंजिन यात मोठे बदल न झालेली दुचाकी किंवा चारचाकी यात बसते. नव्या नोंदणीला २०,००० रुपये, पुनर्नोंदणीला ५,००० रुपये शुल्क आहे. नोंदणी १० वर्षं टिकते आणि नंबरात 'व्हीए' ही अक्षरं येतात.

अशा गाडीला थर्ड पार्टी हप्त्यात ५० टक्के सवलतही आहे. म्हणजे पद्मिनीच्या गटात ३,४१६ ऐवजी १,७०८ रुपये.

ऐकायला छान वाटतं. पण याच नियमांत स्पष्ट लिहिलं आहे की व्हिंटेज म्हणून नोंदलेली गाडी नियमित वापरासाठी किंवा व्यवसायासाठी रस्त्यावर आणता येणार नाही. प्रदर्शन, व्हिंटेज रॅली, तांत्रिक संशोधन, इंधन भरणं आणि देखभाल, एवढ्यापुरतीच ती बाहेर काढता येते.

म्हणजे रोज पेणला किंवा अलिबागच्या बाजारात जायचं असेल, तर 'व्हीए' नंबर तुमच्यासाठी नाही. वर्षाला सतराशे रुपये वाचवण्यासाठी गाडी चालवण्याचा हक्कच गमवावा लागेल. वापराच्या अटीबाहेर गाडी चालवताना अपघात झाला, तर क्लेमच्या वेळी विमा कंपनीला आक्षेप घ्यायला आयतं कारण मिळेल.

'व्हिंटेज' या शब्दाचा आणखी एक अर्थ आहे. २००२ च्या इंडियन मोटर टॅरिफमध्ये ३१ डिसेंबर १९४० पूर्वी बनलेली आणि व्हिंटेज अँड क्लासिक कार क्लब ऑफ इंडियाने प्रमाणित केलेली मोटारच व्हिंटेज मानली आहे. तिला स्वतःच्या नुकसानीच्या हप्त्यात २५ टक्के सवलत आणि आधीच ठरलेल्या किमतीची पॉलिसी मिळू शकते. पद्मिनी हे नावच १९७० च्या दशकात आलं. त्यामुळे ती इथे बसत नाही. क्लबच्या गप्पांमध्ये गाडी 'क्लासिक' असली, तरी विम्याच्या कागदावर ती साधी जुनी खासगी मोटारच असते.

मग रोजच्या गाडीचं काय करायचं?

नेहमीची नोंदणी चालू ठेवायची. खासगी मोटारीची नोंदणी १५ वर्षांची असते. त्यानंतर दर ५ वर्षांनी आरटीओत तपासणी करून ती वाढवावी लागते आणि पर्यावरण कर भरावा लागतो. एमएच-०६ च्या गाड्यांसाठी हे काम पेणच्या कार्यालयात होतं, एमएच-४६ साठी पनवेलला. २० वर्षांहून जुन्या मोटारींचं नूतनीकरण शुल्क २०२५ मध्ये वाढून १०,००० रुपये झालं आहे. "१५ वर्षं झाली की गाडी भंगारात" हा समज मात्र चुकीचा आहे. दिल्ली परिसरातले निर्बंध महाराष्ट्राला लागू नाहीत.

नोंदणी संपली असेल तर हप्ता भरूनही उपयोग होईलच असं नाही. सप्टेंबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका चोरीच्या प्रकरणात हे स्पष्ट केलं. गाडीची तात्पुरती नोंदणी संपलेली होती, पॉलिसी चालू होती, तरीही क्लेम नाकारणं योग्य ठरलं. म्हणून विम्याच्या आधी आरसी बुकवरची तारीख पाहा.

किंमत कमी लावली तर काय बिघडतं?

सर्वसमावेशक पॉलिसीत गाडीची जी किंमत धरली जाते तिला आयडीव्ही म्हणतात. पाच वर्षांपर्यंतच्या गाडीसाठी घसाऱ्याचा तक्ता ठरलेला आहे. पाच वर्षांहून जुन्या किंवा उत्पादन बंद झालेल्या गाडीची किंमत मात्र विमा कंपनी आणि मालक यांच्या सहमतीने ठरते. याचा अर्थ संगणकाने दाखवलेला आकडा अंतिम नाही. तुम्ही त्यावर बोलू शकता.

हे का महत्त्वाचं आहे? कारण दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांच्या वर गेला की गाडी 'पूर्ण नुकसान' मानली जाते.

एक उदाहरण पाहू. समजा पद्मिनीवर फांदी पडली आणि दुरुस्तीचं बिल ४५,००० रुपये झालं.

- आयडीव्ही ५०,००० असेल, तर ७५ टक्क्यांची रेषा ३७,५०० वर येते. बिल तिच्या वर. गाडी कागदावर संपली. तुम्हाला जास्तीत जास्त ५०,००० च्या आसपास मिळतील आणि सांगाडा कुणाकडे राहणार यावर वाटाघाटी होतील.
- आयडीव्ही अडीच लाख असेल, तर रेषा १,८७,५०० वर जाते. गाडी दुरुस्त होते.

दुसऱ्या प्रकरणातही पूर्ण बिल मिळत नाही. दहा वर्षांहून जुन्या गाडीच्या धातूच्या भागांवर ५० टक्के घसारा कापतात. रबर, प्लास्टिक, टायर, बॅटरीवरही ५० टक्के. काचेवर काही कापत नाहीत. रंगकामात फक्त साहित्याच्या खर्चावर ५० टक्के कपात होते आणि एकत्र बिल असेल तर साहित्य २५ टक्के धरतात. आता हिशोब करू:

- पत्र्याचे भाग २०,००० → मिळतात १०,०००
- काच ५,००० → मिळतात ५,०००
- मजुरी १२,००० → मिळतात १२,०००
- रंगकाम ८,००० → मिळतात ७,०००

एकूण ३४,०००. त्यातून सक्तीचा १,००० रुपयांचा वाटा वजा. हातात ३३,०००. 'झिरो डेप्रिसिएशन'चं जोडकलम हा घसारा टाळतं, पण ते साधारणपणे नव्या गाड्यांनाच मिळतं.

जास्त आयडीव्ही मिळवायची कशी?

- ऑनलाइन अडलं तर विमा कंपनीच्या शाखेत जा. न्यू इंडिया, नॅशनल, ओरिएंटल आणि युनायटेड इंडिया या चार सरकारी कंपन्यांसह दोन-तीन ठिकाणी लेखी कोटेशन मागा.
- परवानाधारक सर्व्हेअरकडून मूल्यांकन अहवाल घ्या.
- डेंटिंग-पेंटिंग, इंजिनकाम, नवं अपहोल्स्टरी यांची बिलं जपून ठेवा.
- गाडीचे चारही बाजूंनी, इंजिनचे आणि खालच्या पत्र्याचे तारखेसह फोटो काढा.
- इंजिन बदललं असेल किंवा सीएनजी किट बसवलं असेल, तर आधी आरसी बुकवर नोंद करा. जुन्या जीपमध्ये दुसऱ्याच गाडीचं डिझेल इंजिन असणं नवीन नाही, पण नंबर जुळला नाही तर क्लेम अडकतो.

किंमत फुगवूही नका. पटणारे पुरावे नसतील तर क्लेमच्या वेळी वाद होतो आणि तोवर हप्ताही जास्त भरलेला असतो.

किनाऱ्यावर राहणाऱ्यांनी काय पाहायचं?

*वादळ आणि पूर:* ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं. जुलै २०२१ मध्ये महाड पाण्याखाली गेलं. वादळ, पूर, दरड, वीज, भूकंप यांमुळे झालेलं नुकसान स्वतःच्या नुकसानीच्या संरक्षणात येतं. फक्त थर्ड पार्टी असेल तर एक रुपयाही मिळत नाही. पाणी शिरलेल्या गाडीचं इंजिन मात्र सुरू करून पाहू नका. त्यातून झालेलं पुढचं नुकसान मूळ पॉलिसीत धरलं जात नाही.

*खारी हवा:* गंज ही झीज मानली जाते. त्याचे पैसे कोणतीही पॉलिसी देत नाही. अपघातानंतर "हा पत्रा आधीच सडला होता" असा मुद्दा निघू शकतो. तारखेचे फोटो इथे कामी येतात.

*वाळूवर गाडी:* भरतीत अडकलेल्या गाड्यांचे व्हिडिओ तुम्ही पाहिलेच असतील. गाडीची वाजवी काळजी घेणं ही पॉलिसीची अट आहे. गाडी पाण्याच्या रेषेत नेली तर विमा कंपनी याच अटीवर बोट ठेवू शकते.

*फेरीबोट:* भाऊचा धक्का–मांडवा रो-रो असो की आगरदांडा–दिघी फेरी, पॉलिसीत वाहतुकीदरम्यानच्या संरक्षणात रस्ता, रेल्वे, अंतर्देशीय जलमार्ग, लिफ्ट आणि विमान असे शब्द असतात. समुद्राचा उल्लेख नसतो. तुमची फेरी यात धरली जाते का, हे कंपनीला ईमेल करून विचारा आणि उत्तर जपून ठेवा.

*टोइंग:* मूळ पॉलिसीत मोटार ओढून नेण्यासाठी १,५०० रुपयांपर्यंतच मिळतात. मुरूडहून पनवेलपर्यंत गाडी न्यायला ते पुरणार नाहीत. रोडसाइड असिस्टन्स तुमच्या गाडीच्या वयाला आणि तुमच्या गावात मिळतो का, ते विचारा.

*लग्न आणि शूटिंग:* अलिबागच्या बंगल्यांवर प्री-वेडिंगसाठी जुन्या गाड्यांना मागणी असते. पण खासगी पॉलिसी भाड्याने दिलेल्या गाडीला लागू होत नाही. दोन तासांचे पैसे घेतले तरी तो व्यावसायिक वापरच. रॅलीत उतरणार असाल तरी आधी कंपनीला कळवून तशी नोंद करून घ्या.

कोणता पर्याय कुणासाठी?

- फक्त थर्ड पार्टी: गाडी स्वस्त, सुटे भाग सहज मिळणारे आणि दुरुस्तीचा खर्च स्वतः उचलायची तयारी असेल तर.
- थर्ड पार्टी + आग आणि चोरी: गाडी पावसाळ्यात बंद शेडमध्ये असते त्यांच्यासाठी. हा पर्याय ऑनलाइन क्वचित दिसतो, शाखेत विचारावा लागतो. यात वादळ आणि अपघात धरलेले नसतात.
- सर्वसमावेशक: गाडी रोज रस्त्यावर असेल आणि तिच्यावर लाखभराहून जास्त खर्च केला असेल तर हाच. पण योग्य आयडीव्ही ठरवूनच.

पॉलिसीची मुदत चुकवू नका. खंड पडला की सर्वसमावेशक संरक्षणासाठी पुन्हा गाडीची तपासणी करावी लागते आणि ९० दिवस उलटले की साठलेला नो क्लेम बोनसही जातो. हा बोनस ५० टक्क्यांपर्यंत असतो. वादळाचा इशारा आल्यावर धावाधाव करण्यापेक्षा मे महिन्याआधी कागद पूर्ण करा.

क्लेम अन्यायाने नाकारला असं वाटलं तर आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करा. तिथे उत्तर पटलं नाही तर विमा नियामकाच्या 'बीमा भरोसा' पोर्टलवर तक्रार नोंदवता येते आणि विमा लोकपालाकडेही जाता येतं. लोकपालाकडे शुल्क लागत नाही, वकीलही लागत नाही.

थोडक्यात, रोज चालणाऱ्या जुन्या गाडीला साधी नोंदणी, चालू आरसी बुक आणि पुराव्यानिशी ठरवलेली किंमत, या तीन गोष्टी हव्यात. नूतनीकरणाची तारीख जवळ आली असेल तर आजच पॉलिसी उघडा आणि आयडीव्हीच्या रकान्यात कोणता आकडा आहे ते पाहा. त्या पैशांत तुमची गाडी तुम्हाला परत विकत घेता येईल का? उत्तर 'नाही' असेल, तर हप्ता भरण्याआधी कंपनीशी बोला.